भाडे बिल्डर देणार? मग जागा नाही

लालबाग, दादर किंवा गिरगावात भाड्याची जागा शोधायला गेलेल्या माणसाला इस्टेट एजंट हल्ली बजेट नंतर विचारतो. आधी विचारतो, "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली का?" हो म्हटले की पुढचा प्रश्न, "बिल्डर किती देतो?" आकडा ऐकून झाला की तिसरा, "चेक किती महिन्यांचे हातात आहेत?" या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेकांचा सौदा अडतो. बारा महिन्यांचे पुढील तारखांचे चेक हातात असतील तर एजंट मालकाला फोन लावतो. "दर महिन्याला खात्यात जमा होतात" असे उत्तर आले, तर वही मिटते आणि "कळवतो" हा शब्द ऐकू येतो. कळवणारा फोन सहसा येत नाही.

गरजू कुटुंबाचे भाडे सरकार भरते तेव्हा घरमालक त्या कुटुंबाला दारातून परत पाठवतात, ही पाश्चात्त्य शहरांतली जुनी तक्रार. मुंबईत सरकार अशा गरजूंचे भाडे भरत नाही, म्हणून ही तक्रार आपली नव्हे, असे वाटणे साहजिक आहे. पण दक्षिण आणि मध्य मुंबईत आज हजारो कुटुंबे दुसऱ्याने दिलेल्या भाड्यावर दुसऱ्याच्या घरात राहतात. देणारा कुठे विकासक आहे, कुठे म्हाडा. पैशाला 'ट्रान्झिट रेंट' म्हणतात, चाळीत त्याला नुसते 'बिल्डरचं भाडं' म्हणतात. आणि हे भाडे घेऊन जाणारा भाडेकरू घरमालकाला नको असतो.

हे भाडेकरू आले कुठून, ते समजायला थोडे मागे जावे लागते. 1969 साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि शहर विभागातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसला. त्या वेळी 19,642 इमारती उपकरप्राप्त ठरल्या. त्यांपैकी 16,502 इमारती 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या होत्या. दुरुस्त करून, टेकू लावून, काही पाडून आणि काही पडू देऊन आज त्यातल्या तेरा-चौदा हजार उरल्या आहेत. ठाकुरद्वारच्या लाकडी जिन्यांच्या चाळी, परळ-लालबागच्या गिरणगावातल्या इमारती, दादरच्या गल्ल्यांतली तीन मजली घरे यांचे भवितव्य विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) आणि 33(9) या दोन कलमांत बंदिस्त झाले आहे. 33(7) खाली आता 51 टक्के रहिवाशांची संमती पुरते. पूर्वी 70 टक्के लागत असे. म्हणजे इमारतीतल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी सही केली की उरलेल्यांनाही सामान बांधावे लागते. त्यांनी भाड्याचे घर शोधायचे ठरवलेले नसते, तरी शोधावे लागते.

बीडीडी चाळींचा हिशेब वेगळा आणि अधिक उघड आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, 1920 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. वरळीत 121, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीला 12, अशा एकूण 207. खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात त्या बदल्यात 500 चौरस फुटांचे घर. मधल्या काळासाठी संक्रमण शिबिर किंवा भाडे, यातून निवड. भाडे आधी 22 हजार होते, मग 25 हजार झाले. इथे देणारी संस्था म्हाडा, म्हणजे सरकारच. तरीही नायगावच्या खोलीतून निघालेल्या कुटुंबाला भोईवाड्यात किंवा हिंदमाताच्या आसपास 25 हजारांत पुरेशी जागा मिळणे अवघडच. ज्यांना नोकरी, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचा केईएमचा केसपेपर सांभाळायचा असतो, ते पदरचे पैसे घालतात. ज्यांना ते परवडत नाही ते डोंबिवली, बदलापूर, विरारच्या गाड्या पकडतात.

भाडे कमी पडण्याचे एक कारण खुद्द पुनर्विकासच आहे. एखादी चाळ रिकामी होते तेव्हा साठ-सत्तर कुटुंबे एकाच महिन्यात, एकाच शाळेच्या आणि एकाच मार्केटच्या आसपास घर शोधू लागतात. सगळ्यांच्या हाती ठरलेली एकच रक्कम. ती रक्कम एजंटला करारावर सह्या होण्याआधीच ठाऊक असते. मग त्या भागातले कुठलेही घर त्या रकमेखाली मिळत नाही. विकासकाने दोन हजार वाढवून दिले तर ते दोन हजार कुटुंबाच्या हातात राहत नाहीत, पुढच्या कराराच्या वेळी घरमालकाकडे जातात. अनामत रक्कम अनेकदा विकासकाच्या हिशेबात धरलेलीच नसते. ती कुटुंबाने उभी करायची असते, सोने गहाण ठेवून किंवा भावाकडून घेऊन.

आता घरमालकाची बाजू. ती ऐकून न घेता त्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याची भीती हवेतून आलेली नाही. तिचा एक धागा 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यापर्यंत जातो. त्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला हलवणे जवळपास अशक्य केले. मालकांनी पळवाट काढली, 'लिव्ह अँड लायसन्स'ची. माणूस भाडेकरू नाही, परवानगीने राहणारा आहे, असे कागदावर लिहायचे. 1973 मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे लोक लायसन्सवर राहत होते ते सगळे एका रात्रीत संरक्षित भाडेकरू ठरले. ज्यांची घरे तेव्हा गेली त्यांची मुले-नातवंडे आज त्याच शहरात घरमालक आहेत. 'चाळीतला माणूस एकदा शिरला की निघत नाही' हे वाक्य त्यांनी जेवणाच्या ताटावर ऐकलेले असते. पागडीच्या खोलीतून आलेल्या कुटुंबाकडे ते याच नजरेने बघतात.

ही भीती आज कायद्यात उरलेली नाही, हे त्यांना कुणी नीट सांगत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे आणि 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 24 प्रमाणे लायसन्सची मुदत संपली की परवानाधारकाला जागा सोडावीच लागते. सोडली नाही तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळ्या, झटपट मार्गाने दाद मागता येते. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोंदणी आता घरबसल्या, ऑनलाइन होते. म्हणजे जागा बळकावली जाण्याच्या भीतीवर कायद्याने पंचवीस वर्षांपूर्वीच उपाय केला आहे. तरी ती भीती टिकून आहे, कारण तिचा उपयोग होतो. 'नाही' म्हणण्याचे खरे कारण सांगायचे नसेल तर ती पुढे करता येते.

दुसरी भीती मात्र खरी आहे. भाडेकरू प्रामाणिक असेल, पण त्याचे भाडे भरणारा?

गोरेगावच्या सिद्धार्थ नगरचे, म्हणजे पत्रा चाळीचे प्रकरण मुंबईतल्या प्रत्येक एजंटाला पाठ आहे. 672 कुटुंबे, 2008 सालचा करार, जमीन म्हाडाची आणि विकासक खासगी. रहिवासी घरे सोडून बाहेर पडले, काही वर्षे भाडे आले आणि मग ते थांबले. प्रकल्पही थांबला. म्हाडाने विकासकाला काढून टाकले, प्रकरण सक्तवसुली संचालनालयाकडे गेले, 2022 मध्ये खासदार संजय राऊत यांना अटक झाली आणि पत्रा चाळ देशभरच्या वाहिन्यांवर दिसली. अटकेची चर्चा पुष्कळ झाली. ज्या घरमालकांच्या घरात ही कुटुंबे राहत होती, त्यांचे भाडे कुणी भरले, हे कुणी विचारले नाही. बहुतेक कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरले आणि ज्यांना जमले नाही त्यांनी घर बदलत बदलत वर्षे काढली. अशी पत्रा चाळ एकच नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनांत थकलेल्या भाड्याचा आकडा शेकडो कोटींत गेला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि 1 ऑगस्ट 2023 रोजी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला परिपत्रक काढावे लागले की विकासकाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करावे आणि तिसऱ्या वर्षाचे पुढील तारखांचे चेक द्यावेत. परिपत्रक चांगले आहे. पण ते झोपडपट्टी योजनांना लागू आहे. गिरगावातल्या उपकरप्राप्त इमारतीचा रहिवासी अजून विकासकाच्या करारातल्या शब्दांवर अवलंबून असतो.

मुदतीचा प्रश्नही आहेच. करारात लिहिलेले असते 36 महिने, फार तर सहा महिन्यांची सवलत. वरळीच्या बीडीडी चाळींचे भूमिपूजन 22 एप्रिल 2017 रोजी झाले, आणि पहिल्या 556 कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या 14 ऑगस्ट 2025 रोजी. सरकार पाठीशी असलेल्या, निधीची चणचण नसलेल्या प्रकल्पाची ही गोष्ट. ज्या मालकाला आपले घर तीन वर्षांनी मुलाच्या लग्नासाठी हवे आहे, त्याने "तुमचं तीन वर्षांत होईल ना?" असे विचारले तर त्यात दुष्टपणा काय? उलट रहिवाशाला दर अकरा महिन्यांनी घर बदलायची वेळ येते. नवी दलाली, नवा टेम्पो, नवा गॅस कनेक्शनचा अर्ज आणि आधार कार्डावर पुन्हा एकदा नवा पत्ता.

इथवर सगळा हिशेब पैशाचा आहे. पण भाडेकरू पारखताना पैसा फक्त अर्धा तपासला जातो.

उरलेला अर्धा भाग आडनावाचा आणि ताटाचा. "फॅमिली कुठली?", "नॉनव्हेज करता का?", "घरात किती माणसं?", "गाव कुठलं?" हे प्रश्न दादरच्या टॉवरमध्ये जसे विचारले जातात तसे सात मजल्यांच्या साध्या सोसायटीतही. 'बिल्डरचे भाडे नको' हे उत्तर इथे सोयीचे पडते, कारण त्यात जात दिसत नाही, धर्म दिसत नाही. बीडीडी चाळींतून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांत बौद्ध कुटुंबांची संख्या मोठी आहे. त्यांना नकार मिळतो तेव्हा तो भाड्याच्या चेकमुळे मिळाला की आडनावामुळे, हे ओळखायची सोय नसते. पत्ताच पुरेसा बोलका असतो. गल्लीचे आणि चाळीचे नाव सांगितले की पुढचे अनेक प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशके राहिले, मग दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले. त्या दोन पत्त्यांत पायी अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर आहे. मध्ये बडोदा आहे. 1917 मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाल्यावर त्यांना राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नावाने उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी येऊन त्यांना बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकलेल्या, पगारी अधिकाऱ्याला भाड्याचा प्रश्न नव्हता. शंभराहून अधिक वर्षांनी त्यांच्याच चाळीच्या शेजारून निघालेल्या माणसाला भाड्याचा प्रश्न पुढे करून तोच अनुभव यावा, यावर कुणी भाषण करत नाही.

मुलुंडची आठवण इथे द्यायला हवी. सप्टेंबर 2023 मध्ये तिथल्या एका सोसायटीत मराठी असल्यामुळे जागा नाकारल्याचा एका महिलेचा व्हिडिओ पसरला आणि चार दिवस सगळे पक्ष धावले. गुन्हा नोंदला गेला, तो धक्काबुक्की आणि धमकीचा. जागा नाकारण्याचा गुन्हा नोंदला गेला नाही, कारण आपल्याकडे तो गुन्हाच नाही. घटनेतले कलम 15 राज्यसंस्थेला बांधते, खासगी घरमालकाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात तर संस्थेला सभासदत्व एका समाजापुरते ठेवता येते, असा निर्णय दिला. मराठी म्हणून नाकारले की संताप होतो. चाळीतला, बौद्ध, मुसलमान किंवा पुनर्विकासातला म्हणून नाकारले की 'मालकाची मर्जी' म्हणून सोडून दिले जाते. संतापाला असा निवडक असण्याचा अधिकार नसावा.

सोसायटीच्या कमिट्यांना मात्र कायदा इतका मोकळा नाही, आणि याची माहिती भाडेकरूंपेक्षा सचिवांना असायला हवी. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला आपली सदनिका लायसन्सवर द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही. त्याने आठ दिवस आधी कळवायचे, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढेच. 2001 च्या सरकारी आदेशाने बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर बांधून टाकले आहे. तरीही भाडेकरूची 'मुलाखत' घेणाऱ्या कमिट्या शहरभर आहेत. रविवारी सकाळी संस्थेच्या कार्यालयात खुर्चीवर बसून एखादा निवृत्त गृहस्थ चार मुलांच्या आईला विचारतो की, "तुमच्याकडे पाहुणे फार येतात का?" हा अधिकार त्याला कुठल्याही उपविधीने दिलेला नाही. गणपतीत चाळीत चाळीस माणसे जेवत असत, हे खरे सांगावे की खोटे, असा त्या बाईपुढचा पेच.

कागदपत्रांची मागणी हा पारखण्याचा आणखी एक मार्ग. पगाराची स्लिप, तीन वर्षांचे आयकर विवरण, सिबिल स्कोअर. निवृत्त गिरणी कामगाराकडे, खानावळ चालवणाऱ्या बाईकडे, लालबागच्या मसाल्याच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याकडे यातले काय असणार? त्यांच्याकडे असते महिन्याला दोन-तीनशे रुपयांच्या भाड्याची पावती, चाळीस वर्षे न चुकता भरल्याची. नियमित भाडे भरण्याचा इतका लांब पुरावा शहरात दुसऱ्या कुणाकडे नाही. पण ती पावती बघून एजंट हसतो. आणि यातली गंमत कायद्यानेच वाढवली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये सांगितले की ट्रान्झिट रेंट हे उत्पन्न नव्हे, ती विस्थापनाच्या त्रासाची भरपाई आहे, म्हणून त्यातून टीडीएस कापायचा नाही. रहिवाशांना हा मोठा दिलासा होता. पण उत्पन्न मोजून भाडेकरू निवडणाऱ्या मालकाच्या तक्त्यात आता या कुटुंबाच्या रकान्यात शून्य पडते. महिन्याला 25 हजार खात्यात येणारे कुटुंब कागदावर बिनउत्पन्नाचे.

पाश्चात्त्य शहरांतल्या त्या जुन्या तक्रारीकडे इथे परत यायला हवे. अमेरिकेत 1974 पासून 'सेक्शन 8' नावाची योजना आहे. कुटुंबाने उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भाडे भरायचे, उरलेले स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरण थेट घरमालकाला देते. पैसे सरकारचे, म्हणजे बुडण्याचा धोका जवळपास नाही. तरीही अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने 2018 मध्ये पाच शहरांत तपासले तेव्हा फोर्ट वर्थमध्ये 78 टक्के आणि लॉस एंजेलिसमध्ये 76 टक्के मालकांनी ही कुटुंबे नाकारली. नेवार्कमध्ये 31 आणि वॉशिंग्टनमध्ये 15 टक्के. या शेवटच्या दोन शहरांत 'भाड्याचा पैसा कुठून येतो' यावरून नाकारायला कायद्याने बंदी होती. पण अशी बंदी फिलाडेल्फियातही होती आणि तिथे नकार 67 टक्के निघाले. कायदा असून अंमल नसेल तर काय होते, याचे उत्तर मिळवायला अमेरिकेत जायची गरज नाही म्हणा. न्यूयॉर्क शहराने ही बंदी 2008 मध्ये आणली, कॅलिफोर्नियात ती 1 जानेवारी 2020 पासून आहे. इंग्लंडमध्ये जाहिरातींत सर्रास छापले जाणारे 'सरकारी मदतीवर जगणारे नकोत' हे वाक्य यॉर्कच्या न्यायालयाने जुलै 2020 मध्ये बेकायदा ठरवले, आणि 2025 च्या नव्या भाडे कायद्याने त्यावर सरळ बंदी घातली.

आपल्याकडे अशी बंदी घालायला काय हरकत आहे? काहीच नाही. 1999 च्या कायद्यात एक कलम वाढवावे, की ट्रान्झिट रेंटवर आहे या एकाच कारणाने जागा नाकारता येणार नाही आणि तशी जाहिरात करता येणार नाही. पण फिलाडेल्फियाचा आकडा डोळ्यांपुढे ठेवला तर एवढ्याने भागणार नाही, हेही कळते. मालकाची खरी भीती काढल्याशिवाय त्याची खोटी भीती उघडी पडत नाही. भाडे बुडण्याचा धोका शून्यावर आणला आणि तरी त्याने नाकारले, तर मग प्रश्न भाड्याचा नव्हता हे सिद्ध होते.

इमारत उभी राहीपर्यंत रहिवाशांना ठेवायचे कुठे, यावर जुने उत्तर होते संक्रमण शिबिरांचे. कन्नमवार नगर, प्रतीक्षा नगर, गोराई, मानखुर्द इथे म्हाडाने ती बांधली. काही कुटुंबे तिथे दोन वर्षांसाठी गेली आणि त्यांची नातवंडे तिथेच शाळेत गेली. त्यांचे मूळ घर कधी बांधलेच गेले नाही. शिबिरांत शिरलेले घुसखोर वेगळेच. म्हणून गिरगावचा माणूस शिबिर म्हटले की अंग चोरतो. भेंडीबाजारात सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने साडेसोळा एकरांचा प्रकल्प हाती घेतला तेव्हा जवळच संक्रमणाची घरे उभी केली, हा चांगला अपवाद. पण त्याच प्रकल्पातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत 31 ऑगस्ट 2017 रोजी कोसळली आणि 33 माणसे गेली. काही कुटुंबे आधी हलली होती, काही राहिली होती. इमारत धोकादायक आहे हे माहीत असून लोक का राहतात, याचे एक उत्तर भाड्याच्या घराच्या दारात मिळणाऱ्या नकारात आहे.

म्हाडाने 2025 मध्ये दुरुस्ती मंडळाच्या 96 इमारती अतिधोकादायक म्हणून जाहीर केल्या. शिबिरांत जागा नव्हती, म्हणून रहिवाशांना महिना 20 हजार भाडे देऊ केले. त्याच सुमारास म्हाडा स्वतः खासगी सदनिका भाड्याने मिळतात का, हेही शोधू लागली. या दुसऱ्या गोष्टीकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही, पण वाट तिथूनच जाते. भाडे रहिवाशाच्या हातात देऊन त्याला बाजारात सोडण्याऐवजी लायसन्सचा करार म्हाडाने, किंवा खासगी प्रकल्पात विकासकाने, स्वतःच्या नावावर करावा. घरमालकाशी करार संस्थेचा, राहणारे कुटुंब रहिवाशाचे. भाडे थेट मालकाच्या खात्यात. मुदत संपली की जागा परत देण्याची जबाबदारी करार करणाऱ्याची, कुटुंबाला दुसरीकडे हलवण्याचीही त्याचीच. मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांसाठी मलबार हिलवर हेच करत आल्या आहेत, 'कंपनी लीज' म्हणून मालकांना ती पहिली पसंती असते. अधिकाऱ्याचे आडनाव किंवा तो घरी काय शिजवतो, हे तिथे फारसे विचारले जात नाही.

खासगी प्रकल्पांसाठी झोपडपट्टी प्राधिकरणाचे परिपत्रक तसेच्या तसे उचलून दुरुस्ती मंडळाच्या ना हरकत प्रमाणपत्राच्या अटींत घालावे. तीन वर्षांच्या भाड्याची सोय दाखवल्याशिवाय इमारत रिकामी करायची नाही. पैसा मंडळाच्या देखरेखीखालच्या स्वतंत्र खात्यात ठेवायचा आणि मंडळाने रहिवाशाला तसे पत्र द्यायचे, म्हणजे एजंटाच्या तिसऱ्या प्रश्नाला चेकबुकाऐवजी ते पत्र दाखवता येईल. अनामत रक्कमही याच खात्यातून जावी आणि याच खात्यात परत यावी.

विकासक म्हणतील, एवढा पैसा आधीच अडकवला तर छोट्या इमारतींचा पुनर्विकास परवडणार नाही. हे काही अंशी खरे आहे. गिरगावातली वीस-पंचवीस भाडेकरूंची एकटी इमारत मुळातच तोट्याच्या काठावर असते. पण ज्या विकासकाला पंचवीस कुटुंबांचे तीन वर्षांचे भाडे बाजूला ठेवता येत नाही, तो इमारत कशी बांधणार, हे त्याने आधी सांगावे. पाडून पुन्हा न बांधलेल्या इमारतींची यादी म्हाडाकडे आहेच. रखडलेले प्रकल्प ताब्यात घेण्यासाठी म्हाडा कायद्यात कलम 91-अ आणावे लागले, ते याच यादीमुळे. ना. म. जोशी मार्ग आणि नायगावच्या चाळी टप्प्याटप्प्याने रिकाम्या होत आहेत, काळाचौकीच्या अभ्युदय नगरची तयारी चालू आहे, कामाठीपुरा रांगेत आहे. या वसाहतींचे रहिवासी एजंटांच्या दुकानांत पोहोचायच्या आधी कराराचा मसुदा बदलणे सरकारला शक्य आहे. त्यातल्या बऱ्याच प्रकल्पांत करार करणारी संस्था म्हाडाच आहे, तिला त्यासाठी विधानसभेची वाटही पाहावी लागणार नाही.